इंच बाय इंच

मंगळवार, ३ तारीख

दादा,

माझं अक्षर बघून आधी पाकीट उलटंपालटं करशील. भोंग्याला लिहिताही येतं हे तुला आज कळेल. पण करू काय? तू फोन घेत नाहीस. वहिनी म्हणाली, कानाला काही लावलं की तुझा उजवा हात थरथरायला लागतो, म्हणून फोन कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवलाय. पाच महिने मी गप्प बसले, माझ्या मानाने हा विक्रमच झाला. आता लिहिते. वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव.

इकडचं सांगते. खड्ड्यात काँक्रीटच्या कमानी उतरवायचं काम महिन्यापूर्वी परत सुरू झालं. तुझ्या जागी क्रेनवर नवा ऑपरेटर आलाय. पन्नाशीचा आहे, दिवसभरात चार वाक्यं बोलला तर खूप. सगळ्यांनी त्याचं नाव घुम्या ठेवलंय. वर घुम्या आणि खाली भोंगा, जोडी झकास जमली म्हणून हसतात. मीही हसते आणि खड्ड्यातून वॉकीटॉकीवर त्याला वर-खाली सांगत राहते. केबिनच्या काचेत तू कधी दिसायचा नाहीसच, पण तू आहेस एवढं माहीत असायचं.

अपघातानंतर मुकादमांच्या घरी जाऊन आले असं मी वहिनीला सांगितलं होतं. ते खरं नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि मागे फिरले. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी वाचली, मधली तीन बोटं गेली, असं कामावरचे साहेब सांगत होते. मी स्वतः बघितलेलं नाही.

पत्राचं कारण वेगळंच आहे. साहेब काल म्हणाले, अठरा तारखेला चौकशी समिती बसणार आणि तू स्वतःहून लिहून देणार आहेस की सिग्नल थांबल्यावरही मी भार उतरवत राहिलो, कारण मला नसलेला आवाज ऐकू येतो. दादा, असं लिहून दिलंस तर लायसन्स जन्मभरासाठी जाईल. क्रेन राहू दे, तुला कुणी साधा टेम्पोही चालवायला देणार नाही. शिवाय 'आवाज ऐकू येतात' हा शिक्का एकदा कपाळावर बसला की पुसत नाही. एवढी घाई कशाला? तब्येतीचं कारण सांग, पुढची तारीख माग. का म्हणून विचारू नकोस. धाकटीचं एकदा तरी ऐक.

भोंगा

शनिवार, ७ तारीख

दादा,

काल वहिनीचा फोन आला. पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि खिशात ठेवलंस म्हणे. पुढची तारीख मागणार नाही एवढंच बोललास.

समितीने मलाही एक काम लावलंय. आपले बारा शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून द्या. मी काय लिहिलं ते उतरवून पाठवते, चुकलं असेल तर वहिनीकरवी सांग.

'आमच्या कामावर चार-पाच भाषा बोलणारी माणसं आहेत. म्हणून यार्ड सुरू करणाऱ्या पहिल्या इंजिनिअरने इंग्रजीतले बारा बोल ठरवून दिले. प्रत्येक बोलात एकच शब्द दोनदा येतो. एक अर्धा ड्रिलच्या आवाजात गेला तरी दुसरा पोचतो. लिटल बाय लिटल म्हणजे सावकाश वर. साइड बाय साइड म्हणजे आधीच्या कमानीच्या शेजारी. एंड टू एंड म्हणजे टोकाला टोक. फेस टू फेस म्हणजे सपाट बाजूला सपाट बाजू भिडवणे. नेक अँड नेक म्हणजे भाराच्या दोन्ही कडा एका उंचीवर. अगेन अँड अगेन म्हणजे आत्ता केलं तेच परत. इंच बाय इंच म्हणजे सगळ्यात सावकाश खाली. त्या वेळी मुकादमांचा हात भारापाशी असतो. थांबण्यासाठी शब्द नाही. थांबायचा शब्द गोंगाटात हरवू शकतो. क्रेनवाल्याला खड्ड्याचा तळ दिसत नाही, म्हणून खालचं माणूस बोलत असेपर्यंत भार उतरतो आणि ते गप्प झालं की एका श्वासात भार थांबतो.'

बाकीचे पाचही लिहिले, तुला पाठ आहेत. समितीतल्या कारकुनाला इंग्रजी फार चांगलं येतं. म्हणाला, 'अहो बाई, नेक अँड नेक शर्यतीतल्या घोड्यांना म्हणतात.' मी म्हटलं, 'आमचा घोडा दोन टनांचा असतो.' तो हसला नाही. आपल्याला यातल्या एकाचाही इंग्रजी अर्थ शाळेत कुणी शिकवला नव्हता. आपल्याकडे 'हळूहळू' म्हटलं की भागतं, इंग्रजीला दोन शब्दांच्या मधे एक खुंटी ठोकावी लागते, असं तू म्हणायचास.

घरीसुद्धा आपलं हेच चालायचं. तू किटलीतून चहा ओतायचास आणि मी शेजारी उभी राहून इंच बाय इंच म्हणत बसायचे. मी मुद्दाम थांबले नाही तर कप भरायचा, बशी भरायची, टेबलावर ओघळ यायचा, तरी तू ओततच राहायचास. कप समोर दिसत असून. आई करवादायची, 'खेळ तुमचा होतो आणि पुसायचं मला!' तू म्हणायचास, 'भोंगा थांबला नाही ना अजून.'

वहिनीने फोनवर आणखी एक सांगितलं. तू म्हणालास म्हणे, 'तिला सांग, तिची काही चूक नाही. ती थांबली होती. मलाच पुढे ऐकू येत राहिलं.' आणि आता आंघोळ करताना, जेवताना, दिवसाढवळ्या माझाच आवाज ऐकू येतो, इंच बाय इंच. मुलीला शाळेत सोडायला जातोस, पण तिचा हात धरत नाहीस. हा हात कधी काय करेल भरवसा नाही, असं तिला सांगितलंस. सात वर्षांच्या पोरीला.

मला भीती वाटते, दादा. कसली, ते आज लिहवत नाही.

भोंगा

बुधवार, ११ तारीख

दादा,

आज खड्ड्यात माझा आवाज गेला.

घसा बसला नव्हता. सकाळपासून तीन कमानी नीट उतरवल्या होत्या. चौथी डोक्यावर आली. मुकादमांच्या जागी आता त्यांचा भाचा हात लावतो, चांगला तिशीतला माणूस आहे, पण उभा राहतो अगदी त्यांच्यासारखा, एक पाय पुढे टाकून. मी बोलायला लागले. कमान गुडघ्याएवढी वर असेल. त्याने उजवा हात खाली घालून लाकडाचा ठोकळा सरकवला आणि माझ्या तोंडातून शब्द येईना. वर घुम्याने भार थांबवला. ते चोख केलं त्याने, त्याच्याबद्दल तक्रार नाही. भाच्याने हात काढला, ठोकळा बसलाय अशी खूण केली. मी बोलेना. दोन टन तसेच लोंबकळत राहिले. वरून वॉकीटॉकीवर साहेब ओरडायला लागले, भाचा ओरडायला लागला, आणि मी त्याच्या हाताकडे बघत उभी. शेवटी घुम्या बोलला. मला वाटतं महिन्याभरातलं त्याचं सगळ्यात मोठं वाक्य असेल. म्हणाला, 'बाई, घाई नाही. तुम्ही बोलाल तेव्हाच उतरवीन.'

दादा, ते ऐकून मला रडू फुटलं. तूही असाच बसायचास वर. मी जे बोलेन ते खरं मानून.

साहेबांनी मला वर बोलावून घेतलं. दार लावलं. पाणी दिलं. म्हणाले, 'अठरा तारीख होऊ दे, मग चार दिवस सुट्टी घे. तोवर डोकं शांत ठेव आणि तोंड बंद ठेव.' मी म्हटलं, तोंड तर आज बंदच पडलं की. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग सावकाश म्हणाले, 'तू लिहून दिलं आहेस, मी थांबले होते म्हणून. तुझी सही आहे त्याच्यावर. विसरली नाहीस ना?'

विसरले नाही. मी थांबले होते. किंकाळी ऐकली आणि थांबले.

हे वाक्य खोडायला पेन उचललं होतं. राहू दे. जिन्यात पावलं वाजली तरी हल्ली वाटतं, साहेब आले. दाराला आतून खुर्ची लावून लिहिते आहे. तू सही करू नकोस, दादा. तुला माझी शपथ.

भोंगा

शनिवार, १४ तारीख

दादा,

वहिनीला दोनदा फोन लावला आणि तिने 'हॅलो' म्हणायच्या आत कापला. तिला सांगून तुला कळवणं म्हणजे परत पळवाटच झाली. सरळ तुलाच सांगते.

तुझा हात चुकला नाही. मी थांबले नव्हते.

त्या दिवशी दुपारची शेवटची कमान होती. मुकादमांचा हात ठोकळ्यावर, मी इंच बाय इंच म्हणत होते. तेवढ्यात शिडीवरून साहेबांनी शीळ घातली. त्यांच्या हातात कागद होता. ते तो हलवत होते आणि अंगठा वर करून दाखवत होते. मला लगेच कळलं, माझ्या कायम नोकरीचा कागद आला. सहा वर्षं हंगामी म्हणून राबले होते, तुला माहीतच आहे. मी वळले. हसले. हात हलवून दाखवला. आणि या सगळ्यात माझं तोंड चालूच होतं. इंच बाय इंच, इंच बाय इंच. न बघता मला ते म्हणता येतं, झोपेत येतं, शेंगदाणे खाताना येतं, याची मी यार्डभर फुशारकी मारत फिरायचे ना? तसंच. किती वेळ? चार श्वास असतील, पाच असतील. त्या पाच श्वासांत तू भार उतरवत राहिलास, कारण मी सांगत होते. तू ऐकलंस तो आवाज खराच होता. तो माझा होता.

मग किंकाळी आली. पुढचं तू वरून बघितलं नाहीस. कमान उचलून घ्यायला मी लिटल बाय लिटल म्हणाले ते मला आठवतसुद्धा नाही, तू उचललीस म्हणून म्हणाले असेन. मुकादमांना वर नेलं. मी मातीत बसले होते. साहेब शिडी उतरून आले, माझे खांदे धरले आणि विचारलं, 'तू थांबली होतीस ना?' भार उतरत असताना शिडीवर यायला त्यांनाही बंदी आहे. त्यांना काय उत्तर हवं होतं ते मला तेव्हाही कळलं. मी 'हो' म्हणाले. एवढंच. तू केबिनमधून खाली आलास, पांढराफटक, आणि मला विचारलंस, 'भोंग्या, मी उशीर केला का?' मला बोलता आलं नाही आणि तू मान डोलावलीस. तुला वाटलं, बहीण आहे, सांगायला जड जातंय तिला.

तो आपला वॉकीटॉकी, त्यात काही साठून राहत नाही. तुझा कान आणि माझं तोंड, एवढाच पुरावा. आणि तू स्वतःच्या कानाला खोटं पाडलंस, माझ्या तोंडाला नाही.

मला वाटलं होतं, थोडे दिवस गेले की सांगेन. आज सांगू, उद्या सांगू. तू गाव सोडलंस, मग वाटलं आता कशाला. मला नोकरीची भीती वाटली. खोटं लिहून दिलं म्हणून पोलीस नेतील याची वाटली. मुकादमांच्या बायकोची वाटली. आता मात्र एकच भीती उरली आहे आणि ती या सगळ्यांना पुरून उरते. तू अठरा तारखेला, मला वाचवायचं म्हणून नाही, खरंच वाटतं म्हणून, स्वतःला वेडा ठरवून सही करशील.

तू वेडा नाहीस, दादा. मुलीचा हात धर.

तुझी बहीण

बुधवार, १८ तारीख

दादा,

हे समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. साडेनऊ झाले आहेत, तुला अकराला बोलावलंय. शनिवारचं पत्र पोचलं की नाही मला माहीत नाही. सोमवारपासून वहिनी फोन उचलत नाही. पोचलं असेल आणि तुला माझं तोंड बघायचं नसेल, तर हा कागद शिपायाकडे ठेवीन. पोचलं नसेल तर आत जायच्या आधी एवढं वाच.

रविवारी मी मुकादमांकडे गेले. या वेळी गल्लीच्या तोंडाशी थांबले नाही. दार त्यांनीच उघडलं, डाव्या हाताने. उजवा मफलरमध्ये गुंडाळलेला होता. बायको चहा ठेवायला आत गेली तसं मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं, जसं तुला लिहिलं तसंच. मला वाटलं होतं ते मारतील. निदान बाहेर काढतील.

ते म्हणाले, 'बस पोरी. मला माहीत आहे.'

मला काही समजेना. ते म्हणाले, 'तुझी पाठ होती माझ्याकडे. उजवा हात ठोकळ्याखाली अडकला होता, डावा वर करून करून मी हलवत होतो. ड्रिल चालू होतं. त्यातून साहेबांची शीळ गेली, शेवटी माझी किंकाळी गेली, साधं ओरडलेलं तुला कुठून ऐकू जाणार?'

मी म्हटलं, 'मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?'

'साहेब दवाखान्यात येऊन म्हणाले, ऑपरेटरने चूक कबूल केली आहे. मी म्हटलं, वा रे भाऊ. बहिणीसाठी अंगावर घेतलं. तुम्ही दोघांनी घरात बसून ठरवलं असणार. बोटं काही परत येणार नव्हती, मग तुमच्या घरात मी कशाला हात घालू?' असं म्हणून ते थोडं हसले आणि हसता हसता माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबले. 'काय झालं? त्याला माहीत आहे ना?'

मी मान हलवली. नाही म्हणून.

दादा, इतका वेळ तो माणूस शांत होता. बोटांचं बोलताना शांत होता. हे ऐकलं आणि खुर्चीवरून उठला. 'त्याला माहीतच नाही? पाच महिने? त्याला वाटतंय की त्याच्या हाताने केलं?' मला एकदाही एवढं घाबरायला झालं नव्हतं, साहेबांसमोरसुद्धा नाही. त्यांनी आत बायकोला हाक मारली, 'अगं, बुधवारी माझा शर्ट काढून ठेव. मला जायचंय.' मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'बोटांसाठी मी तुला माफ केलं असतं. याचं तुझं तू बघ.'

आत्ता ते माझ्या शेजारी बसले आहेत. बसमधून बरोबर आलो, माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. डाव्या हाताने लिहिलेला त्यांचा जबाब अर्धं पान आहे आणि लिहायला दोन दिवस लागले. माझा मी काल दुपारी दिला. कारकुनाने दोनदा वाचला आणि विचारलं, 'कुणाच्या दबावाखाली लिहिलं नाहीत ना?' मी म्हटलं, आधीचा लिहिला होता दबावाखाली. त्याने साहेबांचं नाव वेगळ्या कागदावर उतरवून घेतलं. नोकरी जाणार हे तो बोलला नाही, पण ओळखपत्र ठेवून घेतलं. पोलिसांत पाठवायचं का ते समिती आज ठरवेल. हे अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे.

अध्यक्षबाईंनी सांगितलंय की जबाब मला तुझ्यासमोर, मोठ्याने वाचून दाखवावा लागेल. मी हो म्हटलं आहे. तुझा हात थरथरेल हे मला माहीत आहे. तरी शेवटपर्यंत ऐक.

आणि एक मागते. लहानपणी मी काही फोडलं, हरवलं, कुणाचं काही बिघडवलं की आई विचारायच्या आत तू म्हणायचास, 'असू दे, माझ्याकडून झालं.' मी दाराआड उभी राहून ऐकायचे आणि सुटल्याचा श्वास टाकायचे. पोलीस, नोकरी, साहेब, सगळ्यांची भीती वाटते, पण आत्ता या बाकावर मला खरी भीती याची वाटते की मी वाचून होताच तू माझ्याकडे बघशील आणि सगळ्यांसमोर तेच म्हणशील.

म्हणू नकोस, दादा. माझ्यावर ओरड.